साखर, स्वेटर आणि ट्यूना

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे मॉरिशसच्या निर्यातीबद्दल. हिंदी महासागरातलं हे बेट रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव भागाहूनही लहान. पण आपल्या कोकणातली पुष्कळ माणसं एकोणिसाव्या शतकात मजुरीच्या करारावर मुंबई बंदरातून तिकडे गेली. त्यांचे वंशज आजही शाळेत मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. या माणसांना नेलं होतं ते साखरेसाठी.

ऊस तिथे डचांनी 1639 मध्ये जावाहून आणला. फ्रेंचांनी कारखाने उभे केले. पुढे ब्रिटिशांनी 1825 साली मॉरिशसच्या साखरेवरचा आयात कर वेस्ट इंडीजच्या साखरेइतका खाली आणला, तशी लागवड झपाट्याने वाढली. गुलामगिरी संपत आली आणि 1834 पासून हिंदुस्थानातून मजूर येऊ लागले. बेट ज्वालामुखीतून झालेलं, त्यामुळे जमिनीत जिकडेतिकडे काळे दगड. ते वेचल्याशिवाय कांडी लावायला जागा नाही. मजुरांनी ते उन्हातान्हात हातांनी उचलले आणि शेतातच रचले. उसाच्या फडांमध्ये मधूनच उभे असलेले ते उंच ढीग अजूनही तिथे आहेत. मॉरिशसच्या निर्यातीचा कोणताही हिशेब त्या ढिगांपासूनच सुरू करावा, असं मला मनापासून वाटतं.

1968 साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा निर्यातीच्या उत्पन्नात नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या साखरेचा होता. यातला धोका लोकांनी आठच वर्षांपूर्वी अनुभवला होता. 1960 च्या फेब्रुवारीत ‘कॅरोल’ चक्रीवादळ आलं, फड आडवे झाले आणि देशाचं वर्षाचं उत्पन्नच कोलमडलं. पुढे नोबेल मिळवणारे अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी त्याच सुमारास या बेटाच्या भवितव्याबद्दल फारशी आशा धरली नव्हती.

पण गाडं फिरलं. प्राध्यापक एदुआर लिम फॅट यांनी तैवान आणि पोर्तो रिकोकडे बघून निर्यात प्रक्रिया क्षेत्राची कल्पना मांडली आणि 1970 मध्ये तसा कायदा झाला. कच्चा माल करमुक्त आणायचा, तयार माल बाहेर पाठवायचा. 1975 चा लोमे करार म्हणजे युरोप आणि त्याच्या जुन्या वसाहतींमधला व्यापार करार; त्यातल्या साखर प्रोटोकॉलनुसार (साखरेच्या कलमांनुसार) युरोपने मॉरिशसची वर्षाला सुमारे 5 लाख टन साखर हमीभावाने घेण्याचं कबूल केलं आणि तो भाव बहुतेक वर्षं जागतिक बाजारापेक्षा बराच वर राहिला. त्या नफ्यातला काही पैसा कापड कारखान्यांत गेला, हाँगकाँगचे उद्योजकही आले. पाहता पाहता ज्या बेटावर कधी थंडी पडत नाही, तिथून लोकरीचे स्वेटर युरोपात जाऊ लागले आणि या मालाच्या निर्यातीत मॉरिशस जगातल्या आघाडीच्या देशांत जाऊन बसला.

या यशाचं श्रेय धोरणांना देतात, ते योग्यच आहे. पण मशीनवर बसल्या होत्या मुख्यतः बायका. घराबाहेर पडून पहिल्यांदाच पगार कमावणाऱ्या हजारो जणी, आणि सुरुवातीला त्यांची किमान मजुरी पुरुषांपेक्षा कमी ठरवलेली होती. त्यांचं नाव आधी घ्यायला हवं.

2005 च्या सुरुवातीला कापडाच्या जागतिक व्यापारातली, कोणत्या देशाने किती माल पाठवायचा हे ठरवणारी कोटा पद्धत संपली आणि स्वस्त चिनी मालापुढे बरेच कारखाने बंद पडले. जे टिकले, त्यांत आज बांगलादेशातून करारावर आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. करारावर मजूर आणणं ज्या देशाने एवढं भोगलं, त्याने या नव्या माणसांच्या मजुरीकडे आणि राहण्याच्या खोल्यांकडे जास्तच लक्ष द्यायला हवं.

ट्यूना, आपले कोळी ज्याला कुपा म्हणतात तो मासा, हा तिसरा मोठा माल. मोठ्या जहाजांनी पकडलेला गोठवलेला मासा पोर्ट लुई बंदरात उतरतो, तिथल्या कारखान्यांत साफ होतो, शिजतो, डबाबंद होतो आणि बहुतांशी युरोपला जातो.

आता पुन्हा साखरेकडे, कारण आपल्या ऊसपट्ट्याने ऐकावी अशी गोष्ट इथे आहे. 2006 पासून युरोपने हमीभाव टप्प्याटप्प्याने 36 टक्के उतरवला. एकेकाळी अडीचशेहून जास्त कारखाने असलेल्या बेटावर आज तीन उरलेत. 1973 मध्ये 7 लाख टनांवर गेलेलं उत्पादन निम्म्याच्याही खाली आलं. महाराष्ट्रात चांगल्या हंगामात 100 लाख टनांच्या पुढे साखर होते, त्यापुढे हे काहीच नाही. टनांवर स्पर्धा शक्यच नव्हती, म्हणून मॉरिशसने विशेष साखरेवर भर दिला. पांढऱ्या साखरेत मळी धुऊन काढतात. इथे ती मुद्दाम राखतात. यातल्या डेमेरारा नावाच्या साखरेचे दाणे टपोरे, सोनेरी आणि कुरकुरीत. मस्कोवाडो नावाची साखर काळपट, ओलसर, बोटांना चिकटणारी, वासाला थेट काकवीसारखी. युरोपातले केक-बिस्किटवाले तिला चढा भाव देतात. शिवाय उरलेल्या चिपाडावर वीज होते.

भारत आणि मॉरिशस यांच्यातला व्यापार करार 1 एप्रिल 2021 पासून लागू आहे आणि सवलतीच्या यादीत ही विशेष साखरही आहे. तेव्हा दुकानात गडद तपकिरी साखरेची पुडी दिसली आणि मागे मॉरिशसचं नाव असलं, तर एकदा घेऊन बघा. नमस्कार.