केहिमकर : गाव सोडल्यावर लागलेलं नाव

(दृश्य : किहीमचा किनारा, ओहोटी. मागे सुरूच्या झाडांची रांग.)

अलिबागहून किनाऱ्याच्या कडेने उत्तरेला निघालं की वरसोली, थळ, नवगाव आणि मग किहीम. शनिवार-रविवारी इथे मुंबईकरांची गर्दी असते. पक्षिमित्रांना हे गाव आणखी एका कारणाने ठाऊक आहे : १९३० साली सलीम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास इथेच केला.

आपण मात्र एका आडनावाच्या मागावर आलो आहोत. केहिमकर.

फार थोड्या घरांचं हे आडनाव. आणि ती घरं शोधायला किहीममध्ये दारोदार हिंडून उपयोग नाही. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव लागत नाही, कारण तिथे सगळेच किहीमचे. माणूस गाव सोडतो, दुसरीकडे बिऱ्हाड करतो, तिथे त्याच्याच नावाचे आणखी दोघे निघतात. मग विचारणा होते, 'हा कुठला?' 'किहीमचा.' त्या उत्तराला 'कर' चिकटतो. 'कर' लागलेल्या कुठल्याही आडनावाचा नकाशा काढताना हे आधी धरून चालावं : नावातलं गाव म्हणजे निघण्याचं ठिकाण.

(दृश्य : नवगावची दफनभूमी.)

केहिमकर हे बेने इस्रायल समाजातलं, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यूंमधलं आडनाव. समाजाची परंपरा सांगते की नवगावजवळ त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेले मृतदेह त्यांनी इथेच पुरले. ही गोष्ट साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची मानतात. ती कागदावरून आलेली नाही, पिढ्यांच्या तोंडून आलेली आहे, आणि तशीच ती ऐकावी. आपल्या कामाचा भाग पुढचा. वाचलेली माणसं एका जागी वसाहत करून राहिली नाहीत. त्यांची घरं आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावागावांत पांगली. का पांगली, याचं उत्तर त्यांच्या धंद्यात आहे.

(दृश्य : लाकडी घाणा, जवळून.)

धंदा तेल गाळण्याचा. उखळासारखं कोरलेलं जाड खोड, त्यात तिरकी उभी लाट, म्हणजे जाड लाकडी दांडा, लाटेला जोडलेली आडवी फळी, फळीवर दगडाचं वजन, आणि भोवती फिरणारा डोळे बांधलेला बैल. खोडात तीळ पडतात, लाट फिरू लागते, आणि चुरा होत आला की वरून थोडं पाणी शिंपडायचं. खरं कसब या पाण्यात आहे. पाणी कमी पडलं तर पेंड बांधली जात नाही आणि तेल चुऱ्यातच अडकून राहतं. जास्त झालं तर तेल गढूळ उतरतं आणि लवकर खवट होतं. तिळाच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असतं, पण बैलघाण्यावर ते सगळं हाती लागत नाही. उरलेलं पेंडीबरोबर गुरांच्या पोटात जातं.

छोट्या गावाला असे एक-दोन घाणे पुरतात. तिसऱ्या घाण्याला ना तीळ पुरेसे मिळत, ना गिऱ्हाईक. म्हणून मुलगा मोठा झाला की त्याने पुढच्या गावात घाणा मांडायचा. यातून दोन गोष्टी झाल्या. आडनावं शंभराहून जास्त तयार झाली आणि प्रत्येक आडनावाची घरं मोजकी राहिली. केहिमकर दुर्मीळ का, याचं कारण इथे आहे : एका लहान गावातून बाहेर पडलेल्या दोन-चार घरांचा तो विस्तार.

ज्यूंचा विसाव्याचा दिवस शनिवार. शुक्रवारी सूर्य मावळला की बैल सुटायचा, तो शनिवारी संध्याकाळपर्यंत पुन्हा जुंपला जायचा नाही. म्हणून कोकणात या लोकांना 'शनवार तेली' म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते 'सोमवार तेली'. शेजाऱ्यांनी धर्मग्रंथ पाहून नाव ठेवलं नव्हतं, बैल कोणत्या दिवशी उभा आहे ते पाहून ठेवलं होतं.

(दृश्य : नकाशा. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड.)

आता आडनावांवरून गावं वाचू. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. कुंडलिकेपलीकडच्या अष्टमीचे अष्टमकर. झिराडचे झिराडकर, आवासचे आवासकर, तळ्याचे तळकर, नवगावचे नवगावकर. चौलचे झाले चेऊलकर, आणि इथे कान टवकारावेत. चेऊल हे चौलचं जुनं रूप. गावाच्या पाटीवर आता चौल आहे, आडनावात चेऊल टिकून आहे. किहीमचंही तसंच : गावाच्या नावात 'कि', आडनावात 'के'. बोलण्यात हे दोन्ही स्वर एकमेकांच्या जागी येत राहतात. गावाचं नाव नोंदीत एका रूपाने पक्कं झालं, आडनाव घेऊन निघालेल्यांच्या तोंडी दुसरं राहिलं. म्हणून गाव शोधताना आजच्या पाटीशी अक्षर न् अक्षर जुळवत बसू नये.

याहून मोठी चूक होते ती एकाच नावाच्या गावांमुळे. नागाव अलिबागेत आहे आणि उरणमध्येही आहे. शहापूर म्हटलं की ठाणे जिल्ह्यातला तालुका आठवतो, पण अलिबाग तालुक्यात पोयनाडच्या बाजूला एक शहापूर आहेच. दिवेकरांसाठी कुणी पुरंदरातल्या दिव्याकडे बोट दाखवतं, कुणी श्रीवर्धनच्या दिवेआगराकडे. अशा वेळी एकटं आडनाव पुरावा म्हणून धरू नये. त्या घराच्या सोयरिकी कुठे झाल्या ते बघावं. आजी चौलची, पणजी रेवदंड्याची असेल, तर बहुधा गावही त्याच टापूतलं.

दुसरी चूक आडनावावरून समाज ठरवण्याची. पेणकर, रोहेकर, नागावकर हिंदूंमध्येही आहेत. दांडेकर चित्पावनांतही आहेत आणि बेने इस्रायलांतही. मग ओळखायचं कसं? पूर्ण नाव वाचून. पण जुन्या कागदांत तेही फसवतं, कारण हिब्रू नावांनी मराठी वळण घेतलं होतं. सॅम्युएलचा सामाजी झाला, एझेकीएलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी, बेंजामिनचा बुनाजी, रहमीमचा रामाजी. 'रामाजी हसाजी' हे नाव हिंदू यादीत टाकून पुढे जाणारा अभ्यासक निम्मा समाज तिथेच हरवून बसतो.

(दृश्य : मुंबई, मांडवीतली सॅम्युएल स्ट्रीट.)

अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही घरं मुंबईला येऊ लागली. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझेकीएल दिवेकर, हे कंपनीच्या फौजेतले अधिकारी. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मांडवीत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. समाजात सिनेगॉगला मशीद म्हणण्याचा प्रघात होता. हे मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणून ते पुढे 'जुनी मशीद' झालं. मग किनाऱ्यावरच्या गावांतही सिनेगॉगं उभी राहिली. अलिबागेतलं १८४८चं, पनवेलचं १८४९चं.

मुंबईने आडनावांना आणखी एक धक्का दिला. फौजेच्या हजेरीपटावर नाव लिहायचं ते स्वतःचं आणि बापाचं. 'कर' मागे पडला. पुढच्या पिढीत बापाचं नावच आडनाव म्हणून चालू लागलं. शाळेच्या दाखल्यावर ते पक्कं झालं, आणि एकाच घराण्यातल्या चुलत भावांची आडनावं वेगवेगळी दिसू लागली. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रस्ता घ्या. ज्यांच्या नावाचा तो आहे ते डॉ. एलिजा मोझेस १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते, आणि आडनावाने ते राजपूरकर. हिंदी सिनेमात पडद्यावर नुसतं 'डेव्हिड' एवढंच नाव लागायचं, त्या डेव्हिड अब्राहम यांचं आडनाव चेऊलकर. पाटीवरून आडनाव शोधणाऱ्याला हे दोघेही सापडणार नाहीत.

म्हणून केहिमकर घराण्यातल्या हाईम सॅम्युएल केहिमकरांचं काम मोलाचं वाटतं. १८७५ साली मुंबईत समाजासाठी जी शाळा निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. शिवाय गावोगावची आडनावं, चालीरीती आणि घराण्यांच्या कथा त्यांनी गोळा केल्या. हा इतिहास १८९७ साली लिहून झाला होता. छापून निघाला १९३७मध्ये, तेल अवीवमध्ये, त्यांच्या पश्चात. समाजाचा मोठा लोंढा इस्रायलला पोचण्याआधी हे पुस्तक तिथे पोचलं होतं. कोणत्याही 'कर'चा शोध घेणाऱ्याने सुरुवात या पुस्तकापासून करावी. दफ्तरांत हरवलेले कितीतरी 'कर' तिथे गावासकट लिहिलेले आहेत.

आपल्या काळात हे आडनाव महाराष्ट्राला माहीत आहे ते आयझॅक केहिमकरांच्या फुलपाखरांवरच्या कामामुळे. त्यांचं बरंच काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत झालं, तीच सलीम अलींची संस्था. किहीमची वाट तिथे दोनदा पोचली, एकदा पक्ष्यांमुळे आणि एकदा आडनावातून.

(दृश्य : दफनभूमीतला शिळालेख, सकाळची तिरपी उन्हं.)

सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे थडग्यावरचा दगड, कारण तिथे 'कर' सहसा गाळत नाहीत. पण तो वाचायची रीत आहे. तारेचा ब्रश आणि आम्ल वापरायचं नाही. अक्षराची कड एकदा गेली की परत येत नाही. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरे. फोटो सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी, ऊन बाजूने येत असताना काढावा. माथ्यावरच्या उन्हात खोदलेलं अक्षर सपाट दिसतं. आडोसा असेल तर आरशाने उजेड बाजूने टाकावा.

दगडावर बहुतेकदा हिब्रू आणि मराठी दोन्ही असतं. मराठीत शक दिला असेल तर सहसा ७८ मिळवायचे. हिब्रू साल अक्षरांत असतं आणि हजाराचा आकडा गाळलेला असतो. समजा ताव, रेश, नून, हे अशी चार अक्षरं आहेत. ताव म्हणजे ४००, रेश २००, नून ५०, हे ५. बेरीज ६५५. त्यात १२४० मिळवले की १८९५. मात्र हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. मृत्यू वर्षाच्या पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांतला, म्हणजे डिसेंबरअखेरच्या आतला असेल तर १२३९ मिळवायचे, साल येतं १८९४. झिजलेल्या दगडावर दालेत आणि रेश सारखेच दिसतात, आणि एकाची किंमत ४, दुसऱ्याची २००. बेरीज जवळजवळ दोनशे वर्षांनी चुकलेली दिसली तर आधी हे अक्षर तपासावं.

(दृश्य : जहाज, विमानतळ, मग दिमोनातली एक गल्ली.)

१९४८नंतर समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला, किर्यात गात या गावांत वस्ती झाली. तिथल्या धर्मपीठाने विवाहासाठी त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली, आणि ती १९६४मध्ये आंदोलनानंतर मिटली. त्या दिवसांत समाजाला स्वतःचा वंश दाखवावा लागला. हा अपमान जुन्या पिढीने विसरलेला नाही, आणि तो विसरावा असं कुणी सांगूही नये. काही घरं इंग्लंड-अमेरिकेत गेली. मुंबईच्या डॉ. अब्राहम एरुलकरांची मुलगी लीला सायप्रसला पोचली. तिचे पती ग्लाफकोस क्लेरिडेस १९९३ ते २००३ त्या देशाचे अध्यक्ष होते.

ही आडनावं आज नकाशावर मांडली तर ठिपके असे पडतात : मुंबई-ठाण्यात काही, पुण्यात थोडे, रायगडात तुरळक, आणि सर्वाधिक इस्रायलच्या दक्षिणेतल्या व मध्यावरच्या गावांत. हे ठिपके मोजताना लिपी आडवी येते. रोमनमध्ये शेवट कधी 'कर', कधी 'केर' असा लिहिलेला असतो, म्हणून दोन्ही शोधावे लागतात. हिब्रूत 'च' नाही. तो त्सादी या अक्षराला गेरेश ही अपॉस्ट्रॉफीसारखी खूण देऊन लिहितात. ती खूण कारकुनाने गाळली की चेऊलकरांचा होतो त्सेऊलकर. 'प' आणि 'फ' एकाच अक्षराने लिहिले जातात, 'ण' आणि 'न' यांत फरक राहत नाही, त्यामुळे पेणकर आडनाव कुणी फनकरही वाचू शकतं.

(दृश्य : दारावरची पाटी, जवळून.)

आणि हे केहिमकर. कोफ, हे, योद, मेम, कोफ, रेश. सहा अक्षरं, उजवीकडून डावीकडे. मधला 'ही' योदने सांगितला आहे. पहिल्या कोफवर स्वराची खूण नाही, म्हणून पाटीवरून केहिम की किहीम ते कळत नाही. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं लागतं, मराठीत.