मांजरीला दूधभात पुरत नाही

(पहाट. तलावाची पाळ.)

भंडारा जिल्ह्यातला हा मालगुजारी तलाव. गावात सगळे मामा तलावच म्हणतात. गोंड राजवटीत कोहळी समाजानं धानाच्या ओलितासाठी असे तलाव बांधले. आज त्यात जाळं टाकतात ते ढिवर बांधव. जाळं काठाला आलं की मांजरी आधी हजर. रोहू, कतला बाजारात जाणार. तळाशी उरलेली बारीक मासळी आणि झिंगे यांचे.

(जवळून: मांजर मासोळी खाते आहे.)

नीट पाहा. डोकं, आतडी, काटे, काहीच सोडत नाही. यातूनच तिला टॉरिन मिळतं, म्हणजे डोळ्यांना आणि हृदयाला लागणारं एक पोषकद्रव्य. १८२७ साली टिडेमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी बैलाच्या पित्तातून ते पहिल्यांदा वेगळं काढलं. मांस-मासळीत ते भरपूर, डाळ-तांदळात जवळपास नाहीच. तरी वरणभातावर जगणाऱ्या माणसाचं अडत नाही, कारण आपलं शरीर प्रथिनांतल्या सिस्टीनपासून ते तयार करून घेतं. तान्ह्या बाळाला आईच्या दुधातून मिळतं.

मांजरीच्या शरीरात मात्र ते फार थोडं बनतं. त्यात पित्तरसासाठी तिला टॉरिनच लागतं; माणसाचं ग्लायसिन या दुसऱ्या द्रव्यावरही भागतं, तिचं नाही. कमाई थोडी आणि खर्च रोजचा.

(घर. पितळी ताटलीत दूधभात.)

ही मांजर घराबाहेर जात नाही. दोन्ही वेळा दूधभात, तोही मायेनं कालवलेला. पण गाईच्या दुधात टॉरिन नावालाच. शेजारच्या धानाच्या कोठीवरची मांजर हिच्यापेक्षा चांगलं जेवते. अख्खा उंदीर म्हणजे काळीज, मेंदू, मांस, सगळं एका घासात.

टॉरिन महिनोन्‌महिने कमी पडलं की डोळ्याचा पडदा झिजतो, हे १९७५ मध्ये सिद्ध झालं. हृदयही ढिलं पडतं, हे १९८७ मध्ये. हृदय वेळीच टॉरिन दिल्यास सावरतं, गेलेली नजर येत नाही.

(चूल. गंजात पाणी.)

आता हे बघा. मासळी धुतली, बुडेल एवढंच पाणी घातलं. मीठ-मसाला नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, ते मांजरीला विषारी आहे. कच्ची का द्यायची नाही? गोड्या पाण्यातल्या काही माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं, शिजवल्यावर ते निकामी होतं. पण टॉरिन पाण्यात उतरतं. ते पाणी मोरीत ओतलं तर अर्धी मेहनत वाया. म्हणून काकूंनी काटे काढले, मासळी कुस्करली आणि गंजातलं सगळं पाणी तिच्यावरच ओतलं.

ज्या घरात मासळी शिजत नाही, तिथं मांजरीचं तयार खाद्य आणावं; त्यात टॉरिन घातलेलं असतं. कुत्र्याचं आणू नका. कुत्र्याचं शरीर टॉरिन स्वतः बनवतं, त्यामुळे त्याच्या खाद्यात ते घातलेलं असेलच असं नाही.