ओंजळीतली ऋचा

(दृश्य: वाड्यातला गणपती, आरती संपत आलेली)

सदाशिव पेठ. 'घालीन लोटांगण' झालं, सगळ्यांच्या गिरक्या मारून झाल्या. आता ताम्हनातली फुलं, अक्षता हातोहात फिरतायत. ओंजळी मिटतात आणि सूर लागतो, 'यज्ञेन यज्ञमयजन्त देवाः...' मागच्या रांगेतल्यांना निम्मंच येतं; उरलेलं ते नुसत्या हुंकारावर भागवतात.

ही ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली, पुरुषसूक्ताची शेवटची ऋचा. तिच्यात गणपती नाही, मूर्ती नाही, फूलही नाही. देवांनी यज्ञानेच यज्ञ केला, तेच पहिले धर्म होते, असं ती सांगते.

ऋग्वेद रचणारे लोक, बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स.पू. १५०० ते १०००च्या सुमारास, सिंधू आणि तिच्या उपनद्यांच्या मुलखात गुरं राखून राहत. देऊळ नव्हतं. वेदी मांडायची, अरणी, म्हणजे लाकडं, घुसळून अग्नी पाडायचा, त्यात तूप आणि सोम या वनस्पतीचा रस ओतायचा. अग्नी हा देवांकडे धाडलेला निरोप्या. मागणंही रोखठोक: गाई, घोडे, शूर मुलगे, पाऊस, शंभर वर्षांचं आयुष्य. मोक्षाचं नाव नाही. पुनर्जन्म आणि कर्माचा हिशेब स्पष्ट दिसतो तो पुढे, उपनिषदांत.

एकूण सूक्तं १०२८. त्यातली सुमारे अडीचशे इंद्राची, विष्णूची जेमतेम पाच-सहा. आज पेठेत इंद्राचं देऊळ कुठे विचारलंत, तर लोक तुमच्या तोंडाकडे बघतील.

आणि 'गणानां त्वा गणपतिं हवामहे'? तीही ऋग्वेदातलीच ऋचा, पण ब्रह्मणस्पतीची, मंत्रांच्या स्वामीची. सोंड तिथे कुठेच नाही. शब्द आधीचा, आपला गणपती त्यात मागाहून राहायला आला.

त्याच पुरुषसूक्तात, आपल्या ऋचेच्या चारच ऋचा आधी, ज्याच्यापासून सगळी सृष्टी झाली त्या विराट पुरुषाच्या मुखापासून पायांपर्यंत चार वर्ण वाटून दिलेत. चारही नावं एकत्र येतात अशी ऋग्वेदातली ही एकमेव जागा. पुढे वर्णव्यवस्थेसाठी तिचाच आधार किती जणांनी काढला! आरतीत ती म्हणत नाहीत, पण शेजार तोच.

(दृश्य: भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर)

इथली ऋग्वेदाची ३० हस्तलिखितं २००७मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत गेली. त्यातलं एक काश्मीरचं, भूर्जपत्रावर, शारदा लिपीत. बाकीची कागदावर, त्यातलं सर्वांत जुनं १४६४चं. म्हणजे ऋचा रचल्या गेल्यावर अडीच-तीन हजार वर्षांनी लिहिलेलं. तोवर आणि त्यानंतरही भरवसा होता तो पाठांतरावर.

(दृश्य: वेदपाठशाळा, सकाळ)

पहिलीच ऋचा. मुलगा म्हणतो, 'अग्निमीडे...'

"ईडे नाही रे, ईळे. ळ."

पुढच्या संस्कृतातून हा ळ जवळजवळ गेलाच. या मुलाच्या जिभेला मात्र तो बाळ, केळं, पोळी म्हणता म्हणता कधीच वळलाय.

"अग्निमीळे पुरोहितं..."

"हं. खालच्या सुराला मान खाली. पुढे."