मांजराचा भूगोल

(पेठेतल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. पुढच्या खुर्च्या रिकाम्या ठेवून मागं बसायची आपली रीत मला वर्गातल्यापासून ठाऊक आहे. असू दे, माझा आवाज पोचतो. एकतीस वर्षं भूगोल शिकवलाय.

पत्रिकेवर विषय छापलाय 'मांजराला कुठं हात लावावा'. चिटणीसांना तो जरा हलका वाटला. कुत्र्यावर बोलणारा आणला असता तर वाटला नसता, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी पाऊण तास दिलाय आणि साडेसहाला याच हॉलमध्ये महिला भिशी आहे, तेव्हा मुद्द्याचं लवकर बोलते. पण आधी दाजींची गोष्ट सांगितल्याशिवाय मुद्दा कळायचा नाही.

आमचे दाजी उमेदीत तालमीत असायचे. खासबागेत कुस्ती केलीय, हे ओळख करून देताना पहिल्याच वाक्यात सांगतात. नाही सांगितलं तरी मोडलेले कान बघून कळतं. एका रविवारी जेवायला आले. मटण होतं. पांढरा रस्सा गॅसवर, नारळाचं दूध नुकतंच ओतलेलं. ढवळायचं थांबलं की फुटतो, तुम्हाला काय सांगायचं. आमची भाटी, लवंगी, जेमतेम तीन किलोची, स्वयंपाकघराच्या दारात गार फरशीवर उताणी पडलेली. दाजींनी बघितलं, हसले, म्हणाले, "ही तर चितपट झाली की!" आणि पाटाएवढा तळहात तिच्या पोटावर ठेवला.

कोल्हापूरच्या माणसाची इथं चूक होणारच. आपल्याकडं पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. मांजराची तिथं सुरू होते. पाठीवर पडलेल्या मांजराचे चारी पाय मोकळे, दात मोकळे. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्या पायांना चार-चार, अशी अठरा नखं. पुढच्या पायांनी मनगट धरलं, दात अंगठ्याच्या बेचक्यात, आणि मागचे दोन्ही पाय सायकल मारल्यासारखे सुरू. शिकार फाडायची पकड तीच. दाजींनी हात वर ओढला, तर हाताबरोबर लवंगीही वर आली. ओढलं की पकड घट्ट होते, हे त्यांना कुठल्या वस्तादानं शिकवलं नव्हतं.

पुढचा प्रसंग मोरीतला. हात नळाखाली, साबण, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. दाजी म्हणतात, हळद दाबा नि सोडा. माझी बहीण म्हणाली, "हळद-बिळद काही नाही. मी रिक्षा बोलावतो, गप चला दवाखान्यात." लवंगीला रेबीजची लस दिलेली होती, तरी गेलो. मांजर चावलं की साबणानं धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा, घरचं-दारचं बघत बसायचं नाही. तालमीत मात्र दाजींनी कुत्रं चावल्याचं सांगितलं. पहिल्या आठवड्यात ते गावठी होतं. दिवाळीपर्यंत अल्सेशियन झालं.

आणि घरात एकच पालुपद: "अचानक चावली हो!"

हा 'अचानक' माझ्या डोक्यात जातो. 1967 चा कोयनेचा भूकंपही अचानक झाला म्हणायची पद्धत आहे. पण कोयना धरणाच्या जलाशयात, शिवसागरात, पाणी साठायला लागलं तेव्हापासून त्या भागात लहान धक्के बसतच होते. इथल्या ज्येष्ठांना 11 डिसेंबरची ती पहाट आठवत असेल. आमच्या आईनं सगळ्यांना अंगणात काढलं होतं आणि मांजर… नाही, ते नको, वेळ जाईल.

लवंगीनंही धक्के दिले होते. मी पळी फिरवता फिरवता बघत होते. हात पोटावर पडला तसं शेपटीचं टोक फरशीवर आपटायला लागलं, टप, टप. मग कान बाजूला वळून आडवे झाले. कुशीवरचं कातडं थरथरलं. डोळ्यांतल्या बाहुल्या पसरल्या आणि घुरघुर बंद पडली. एवढ्या नोटिसा तर पालिकासुद्धा देत नाही! आता तुम्ही विचाराल, बाई, तुम्ही का नाही ओरडलात? वळले असते तर रस्सा फुटला असता. तेव्हा निर्णय बरोबर वाटला होता.

घुरघुरीचं निघालंय म्हणून सांगते. मांजर घुरघुरलं की खूश, असं डोळे मिटून धरू नका. दुखत असताना, आजारपणातसुद्धा ते घुरघुरतं. आणि आपण मराठीत रागाला आणि लाडाला, दोन्हीला सर्रास 'गुरगुरतंय' म्हणून मोकळे होतो, मग हात पुढं करणाऱ्यानं काय समजायचं?

चिठ्ठी आली. 'सात मिनिटं.' अक्षर चिटणीसांचंच, दाबून लिहिलंय. बरं, भूगोल.

गाल, हनुवटी, कान आणि डोळे यांच्या मधली जागा, हा सुपीक प्रदेश. इथं गंधग्रंथी असतात. मांजर तुमच्या पिंढरीला गाल घासतं तेव्हा सातबाऱ्यावर स्वतःचं नाव चढवत असतं. इथं हात बिनधास्त चालवा. पाठ बहुतेकांना चालते, बेताची. शेपटीचं बूड म्हणजे सीमाभाग. एखादं मांजर तिथं खाजवलं की मागचा भाग उचलून दाद देतं, आणि तेच मांजर मिनिटभरात वळून दात लावतं. 2015 साली इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी मांजरांना वेगवेगळ्या जागी कुरवाळून पाहिलं, तेव्हा नाराजी तिथंच जास्त दिसली.

मिशा एकेका गालावर साधारण बारा, शिवाय पुढच्या पायांच्या मनगटामागं थोड्या. मुळाशी मज्जातंतू दाटलेले असतात, नातवंडांना ओढू देऊ नका. पंजेही तसेच हळवे. नखं कापायची असतील तर पंजा हातात घ्यायची सवय पिल्लपणीच लावा. दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाचा हात लागला तर पुढं जन्मभर सोपं जातं.

मानगूट. कीर्तनात मार्जारकिशोर न्याय ऐकला असेल: पिल्लू आईच्या तोंडात अंग सोडून देतं, तसं भक्तानं देवावर सोडून द्यावं. पण तो न्याय पिल्लापुरता. चार किलोचा बोका मानगूट धरून उचलला तर सगळं वजन कातड्यावर येतं. तो गप्प लोंबकळतो, त्याला आपण शरणागती समजतो. घाबरलेला असतो बिचारा.

पोटाचं झालंच. उताणी पडली, म्हणजे तुमच्यासमोर झोपायची तिला भीती वाटत नाही, एवढाच अर्थ. दार उघडं दिसलं म्हणून कुणी चपलांसकट देवघरात जातं का?

तीन-चारदा हात फिरवा आणि थांबा. डोकं परत हाताला घासलं तर पुढं चालू. कालपर्यंत पाठ चालत होती आणि आज हात लावू देत नाही, असं झालं तर तिला हट्टी म्हणू नका, जनावरांच्या डॉक्टरांकडं न्या. सांधे दुखत असतील, दात दुखत असेल. म्हाताऱ्या मांजरांत तर फार.

भिशीच्या बायका दारात आल्या, थांबते. प्रश्न जिन्यात विचारा. दाजी खाली स्कूटर घेऊन उभे आहेत, त्यांनाही विचारा हवं तर. फक्त कुत्र्याबद्दल विचारा.