लेणी झाली, किल्ले झाले, आता दगडाची पाळी

(अंधेरी पश्चिम. इमारतींच्या गच्च्या, डिश अँटेना, वाळत घातलेले कपडे. मधूनच वर आलेला काळा सुळका.)

हा गिल्बर्ट हिल. उंची सुमारे 61 मीटर, म्हणजे वीस मजली इमारतीएवढी. माथ्यावर गावदेवीचं देऊळ, तिथवर कातळात खोदलेल्या पायऱ्या. खालून पाहिलं की दगड उभा चिरल्यासारखा दिसतो, एकमेकांना चिकटलेल्या खांबांसारखा. लाव्हा निवताना आकसतो, आकसताना तडकतो आणि परिस्थिती जुळून आली तर त्याचे असे बहुकोनी स्तंभ होतात. मुंबईला खडी लागत होती. आसपासचा दगड खाणींत गेला. हा उरला.

अमेरिकेत वायोमिंगमध्ये शिलारसाचाच एक स्तंभ आहे, डेव्हिल्स टॉवर. 1906 साली तो त्या देशाचं पहिलं राष्ट्रीय स्मारक झाला. तिथल्या मूळ रहिवाशांसाठी तो पवित्र आहे, म्हणून जून महिन्यात गिर्यारोहकांनी त्यावर चढू नये अशी विनंती केली जाते. सक्ती नाही, विनंती. आपल्या गिल्बर्ट हिलला महापालिकेनं वारसा म्हणून श्रेणी दोनचा दर्जा दिला 2007 मध्ये. तोवर घरं पायथ्याला भिडली होती. दर्जा मिळाल्यानं सुरुंग थांबले, पण दगडाभोवती मोकळी जागा त्यामुळे थोडीच परत येते?

(नकाशा. महाराष्ट्र आणि शेजारची राज्यं. काळा रंग पसरत जातो.)

शंकूसारखा डोंगर आणि तोंडातून धूर, असा ज्वालामुखी महाराष्ट्रात शोधू नका. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यांतून पातळ लाव्हा वाहिला, थांबला, पुन्हा वाहिला. आज उरलेला पसारा सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरचा. पश्चिम घाटात थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. डायनासोर संपले तेही याच सुमारास. त्यात या लाव्हाबरोबर निघालेल्या वायूंचा दोष किती आणि मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा किती, यावर भूशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एसटीच्या पाटीवरची नावं वाटतील. पण जगभरचे अभ्यासक सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरगटांना याच नावांनी ओळखतात, खालून वर, याच क्रमानं. डोळ्यांना सगळा दगड सारखाच काळा. फरक आहे तो रासायनिक घडणीत, आणि त्यावरून कुठला थर कुठवर गेला ते सांगता येतं.

(अजिंठा. कासची फुलं. रायगडाचा कडा. झटपट दृश्यं.)

आता एक गंमत पाहा. अजिंठा आणि वेरूळ 1983 साली जागतिक वारसा यादीत गेले, घारापुरी 1987 साली. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास, कोयना, चांदोली, राधानगरी गेले, ते तिथल्या जीवसृष्टीसाठी. जुलै 2025 मध्ये रायगड, राजगड, साल्हेर आणि त्यांचे सोबती किल्ले गेले. दगडात कोरलेलं, दगडावर उगवलेलं, दगडावर बांधलेलं, सगळ्याचा मान झाला. ज्या दगडाच्या जिवावर हे सगळं उभं आहे, तो मात्र आपल्या हिशेबात खडी.

सप्टेंबर 2025 मध्ये बातमी आली की पाचगणी आणि महाबळेश्वर इथले दख्खनचे लाव्हाथर युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. भारतातली सात नैसर्गिक स्थळं एकदम घेतली गेली. उडुपीजवळची सेंट मेरीज बेटं, तीही ज्वालामुखीच्या दगडाचीच, त्यांच्यात आहेत. आनंद जरूर व्हावा, पण संभाव्य यादी म्हणजे रांगेतला नंबर. किमान एक वर्ष तिथे काढल्यावरच नामांकन करता येतं आणि या यादीमुळे एका दगडालाही कायद्याचं संरक्षण मिळत नाही.

मग संरक्षण कशाचं आहे? महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. बांधकामाला, खाणीला त्यानं आळा बसतो. पण दगड म्हणून दगड राखणारा स्वतंत्र कायदा देशात नाही. लेण्यांसाठी, किल्ल्यांसाठी 1958 चा पुरातत्त्वाचा कायदा आहे. भूवारशासाठीच्या, म्हणजे असे दगड आणि थर जपण्यासाठीच्या, विधेयकाचा मसुदा केंद्रीय खाण मंत्रालयानं डिसेंबर 2022 मध्ये लोकांसमोर ठेवला, पुढे त्याचा कायदा झाला नाही. खाणींचं खातं दगडाचं राखणदार होणार, ही कल्पना मला थोडी अवघडच वाटते. तरी खाणीला सरसकट शिव्या देण्यातही अर्थ नाही. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत दगडाच्या पोकळ्या फुटल्या म्हणून तर कॅव्हन्साइट या खनिजाचे निळेशार स्फटिक जगाला मिळाले.

(पाचगणी, टेबललँड. घोडे, कणसांच्या गाड्या, सेल्फी.)

हे टेबललँड. आशियात कितव्या नंबरचं, ते गाइडकडून ऐका, आम्ही त्यात पडत नाही. माथ्यावरचा तांबूस दगड जांभा, खालचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा निवून झालेला काळा दगड, झिजून झालेला. वर माती चिमूटभर. पावसाळ्यात इथल्या उथळ डबक्यांत आणि भेगांत इवल्या वनस्पती येतात, त्यांच्यावर टापा आणि बूट पडत राहतात. ‘दगडाला काय होतंय’ हे वाक्य इथे रोज ऐकू येतं. घोडेवाला आणि कणीसवाली यांची चूल याच पठारावर पेटते, तेव्हा गेटला कुलूप लावणं हा काही उपाय नव्हे.

कासनं याचा धडा घेतलेला आहे. तिथे आसपासच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर काम करतात, पर्यटकांची रोजची संख्या ठरवलेली असते, नोंदणी करून यावं लागतं, पैसा गावात येतो. पण तिथेच फुलं वाचवायला जाळीचं कुंपण घातलं आणि चरायला येणारी गुरं अडली. गुरांच्या चरण्यावरच तर पठार मोकळं राहत होतं, असं अभ्यासक सांगू लागले. शेवटी जाळी काढली.

(आंबेनळी घाट. रस्त्यासाठी कापलेली दरड, जवळून.)

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना लोक दरीकडे बघतात. थर आहेत ते दुसऱ्या बाजूला. काळा थर, त्यावर विटकरी पट्टा, पुन्हा काळा. विटकरी पट्टा म्हणजे लाव्हाच्या दोन लोटांमधली उसंत, तेवढ्या काळात दगडाची झालेली माती. जुलै 2021 च्या पावसात याच घाटाची दैना झाली. रस्त्याकडेला जाळ्या हव्यात, भिंती हव्यात, त्यावर वाद नको. पण निवडक टप्पे सुरक्षित करूनही उघडे ठेवता येतील का, हे बांधकाम खात्याच्या अभियंत्यानं भूशास्त्रज्ञाला विचारायला हवं, आणि तेही काँक्रीट ओतण्याआधी.

नामांकनात खरी अडचण हद्दीची आहे. माथा सातारा जिल्ह्यात, पायथा रायगडात. यादीत नाव पाचगणी-महाबळेश्वरचं, जुने थर मात्र खाली पोलादपूरच्या बाजूला. नुसता माथा घेतला तर नियम बरेचसे तयार आहेत, काम लवकर उरकेल. दरडीसकट घाट घ्यायचा तर दोन जिल्हाधिकारी, वनखातं, बांधकाम खातं आणि पायथ्याच्या ग्रामपंचायती यांना एकत्र बसवावं लागेल. वेळ जाईल, भांडणं होतील. तरी आमचं मत घाट घ्यावा असंच आहे.