टिक्कीच्या आधीचा बटाटा

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नाशिककरांसमोर बर्गरवर बोलायचं म्हणजे जिवावर उदार होऊनच यावं लागतं. रविवारी सकाळी मखमलाबाद रोडला मिसळीच्या रश्श्यात पापड चुरणारी माणसं तुम्ही. पण त्याच संध्याकाळी नातवंडांना घेऊन बर्गरच्या रांगेतही तुम्हीच असता. लाजू नका, मी पण असतो.

पत्रिकेत विषय छापलाय, 'मॅकडोनाल्ड्स भारतात कसं आलं'. सगळे फीत कापल्याची तारीख सांगतात. १३ ऑक्टोबर १९९६, दिल्ली, वसंत विहार. माझं म्हणणं एवढंच की दुकान ही सगळ्यात शेवटची गोष्ट. त्याआधी काही वर्षं त्यांची माणसं शेतं आणि गोदामं पालथी घालत होती. ती हकिगत कोणी सांगत नाही, कारण तिथे फोटो काढण्यासारखं काही नसतं.

मला हे का सुचतं, ते सांगतो. पिंपळगावला माझं कांद्याचं खळं होतं, म्हणजे कांदा निवडून गाडीत भरायची जागा. एका हॉटेलवाल्या साखळीचे खरेदी साहेब तिथे आले. नाव घेत नाही, जुनी उधारी आहे. साहेबांनी बॅगेतून स्टीलच्या दोन कड्या काढल्या. लहान कडीतून कांदा जायला नको आणि मोठीतून जायला हवा. त्यांचं कारण असं, की चकती पावाच्या बाहेर डोकवायला नको. निवडायला बसलेल्या बायांपैकी एक म्हणाली, "साहेब, बांगड्या भरायला आलात का?" साहेब हसले नाहीत. तिथेच मला धोका कळायला हवा होता!

उन्हाळ कांद्यात निभावलं. मग त्याच्या आधीच्या हंगामाचा, रांगडा कांदा आला आणि बोंब झाली. रांगड्यात जोडकांदा फार. वरून गोल गरगरीत, कापला की आत दोन गड्डे. चकतीचे लगेच दोन तुकडे. तिकडून वांधा निघाला, गाडी परत आली आणि दोन्ही फेऱ्यांचं भाडं माझ्या माथी. मी साहेबांना म्हटलं, "कडी आज लावता. कांद्याचा आकार लागवडीलाच ठरतो. रोपं दाट लावली की गोल्टी, म्हणजे बारका कांदा, ऐसपैस लावली की मोठा माल. तेव्हा कुठे होतात?" ते म्हणाले, "शेती आमचा विषय नाही." हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. तुमच्यात शेतकरी किती? बघा, हात वर केलेले सगळे हसतायत.

आता उलटी बाजू. मॅकडोनाल्ड्सला माल पुरवणाऱ्या गोतावळ्याने शेती हा आपलाच विषय मानला. बर्गरमधला तो कुरकुरीत पाला, आइसबर्ग लेट्यूस, आपल्याकडे कोण पिकवत होतं? तो तळेगावच्या शेतात लावून घेतला. चीज बारामतीला, टिक्क्या तळोज्याला. शेतातून निघाल्यापासून दुकानापर्यंत माल थंडच राहायला हवा, म्हणून गाड्याही तशा.

आणि बटाटा! बटाट्याचा देश आपला, तरी सुरुवातीला फ्राइज बाहेरून आणावे लागले. आपल्या भाजीच्या बटाट्यात पाणी जास्त, तळला की मऊ पडतो. शिवाय फार थंड गोदामात ठेवला की आतल्या पिठाची साखर होते आणि कढईत तो काळपट पडतो. त्यांना फ्राइज पुरवणाऱ्या मॅककेन कंपनीवाल्यांनी गुजरातेत शेतकऱ्यांबरोबर बसून वेगळे वाण लावले, पाणी कसं द्यायचं, साठवण कशी करायची ते बसवलं, मेहसाण्याला कारखाना काढला. माझ्या साहेबांना हे...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. आणि विषय तर आत्ता सुरू होतोय!

पळतो. गोमांस मुळातच नाही. महाराजा मॅक आधी मटणाचा, नंतर चिकनचा. अंड्याविना मेयोनीज. शाकाहारी स्वयंपाक वेगळा, तिथल्या पोरांचे अ‍ॅप्रन हिरवे. केएफसी त्यांच्याआधी, १९९५ ला बंगळूरला आली आणि कर्नाटकातल्या नंजुंडस्वामींच्या शेतकरी संघटनेचा रोष ओढवून बसली. २००१ मध्ये अमेरिकेतल्या फ्राइजमधल्या गोमांसाच्या स्वादाचा बभ्रा झाला, त्याची झळ मुंबईलाही लागली. 'इथल्या फ्राइजमध्ये तसलं काही नाही,' असं कंपनीला सांगत बसावं लागलं.

मॅकडोनाल्ड्सचे इथले भागीदार तेव्हा दोन: पश्चिम-दक्षिणेला अमित जटिया, उत्तर-पूर्वेला विक्रम बक्षी. बक्षींशी कंपनीचं २०१३ पासून भांडण, २०१७ मध्ये करार रद्द. त्याच वर्षी डिसेंबरात माल पोचवणाऱ्या कंपनीने बक्षींच्या दुकानांकडे जाणाऱ्या गाड्या थांबवल्या. दुकानं जागेवर, पोरं जागेवर, वर पाट्याही तशाच. आणि पूर्वेकडची कित्येक दुकानं बंद! माझं अख्खं व्याख्यान त्या डिसेंबरातच आहे, पण आयोजक घड्याळ दाखवतायत. २०१९ ला तडजोड झाली, बक्षी बाहेर पडले. महाराजा मॅकमधून मटण का गेलं ते चहाच्या वेळी विचारा.