उमरेडहून पहिली बस

सकाळचे आठ. नागपूरच्या धंतोलीत दवाखान्यांची शटरं नुकती वर जात आहेत. उमरेडहून पहिल्या बसनं आलेल्या मावशी बाकावर बसल्यात. शिवणकाम करतात. तक्रार एकच: "सरळ शिवण वाकडी दिसून राहिली."

ओसीटीच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनच्या, चित्रात कारण दिसतं. युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला दाह. त्यानं पडद्याच्या मधोमध, मॅक्युलात, पाणी साचलंय. ही सूज उतरवायला इंजेक्शन हवं. पण कुठलं, आणि टोचायचं कुठे?

स्टेरॉइड डोळ्याच्या गोळ्याच्या बाजूनं, बाहेर देता येतं. किंवा थेट आत. आत देण्याचेही दोन प्रकार. ट्रायमसिनोलोन हे दुधाळ औषध. टोचल्यावर काही दिवस नजरेपुढे ठिपके तरंगतात. दुसरी डेक्सामेथासोनची कांडी, तांदळाच्या दाण्याहून बारीक. ती आत हळूहळू विरघळते.

2019 साली प्रसिद्ध झालेल्या 'पॉइंट' चाचणीत या तिन्ही उपचारांची गाठ घातली. आठ आठवड्यांत बाहेरच्या इंजेक्शननं पडद्याची जाडी 23 टक्के कमी झाली, आतल्या ट्रायमसिनोलोननं 39, कांडीनं 46. मग ज्यांची सूज हटत नव्हती किंवा उलटत होती, त्यांच्यासाठी 'मेरिट' ही चाचणी झाली. निकाल 2023 चा. बारा आठवड्यांनी जाडीतली घट: कांडी 35 टक्के; डोळ्यात टोचायची दुसरी दोन औषधं, रॅनिबिझुमॅब 22, मेथोट्रेक्सेट 11. अक्षरं वाचण्यातही कांडीच पुढे.

मग प्रश्न सुटला? आकड्यांपुरता. स्टेरॉइडनं डोळ्याचं प्रेशर वाढतं, मोतीबिंदूही लवकर येतो. बहुतेकांचं प्रेशर थेंबांनी आवरतं, पण वाढलंय हे आधी कळायला तर हवं! दुखत नाही, खुपत नाही. गुपचूप डोळ्याची नस मारतं. म्हणून कांडी घातल्यावर तपासणीला यावंच लागतं. गडचिरोली, बालाघाटहून नागपूर गाठणाऱ्यांसाठी तोच खरा खर्च, असं आम्हाला या बाकावर बसून वाटलं.

शिवाय आपल्याकडे टीबी. दाहामागे तो तर नाही ना, हे पाहिल्याशिवाय डॉक्टर स्टेरॉइडला हात लावत नाहीत. मावशींचे रक्ताचे, छातीचे रिपोर्ट पिशवीत आहेत, साडीच्या दुकानाच्या पिशवीत, नीट घडी घालून.

थेंब टाकून डोळा बधिर होतो. सुई जाऊन येते, काही सेकंदांचं काम.

डॉक्टर कार्डावर पुढची तारीख लिहितात. मावशी एका डोळ्यानं ती वाचतात.

"प्रेशर पाहाले उमरेडले नाही होत काय, साहेब?"